ब्रह्मगिरी ते दुर्गभांडार: ७ जण, त्यात २ नवखे, एका दिवसात जमेल का?

पंचवटीकर

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ७ मित्रमैत्रिणींचा डोंगरधारेवरून चालण्याचा बेत आहे. सकाळी नाशिकहून निघायचं, दिवस मावळायच्या आत घरी. ५ जण नियमित गडकिल्ले करणारे, २ अगदी नवखे. नवख्यांपैकी एकीला उंचीची भीती वाटते, पण यायची तयारी आहे. हरिहर किल्ला मुद्दाम वगळलाय, एक म्हणजे गर्दी आणि दुसरं म्हणजे त्या उघड्या पायऱ्या. दोन्ही बाजूंना दरी आणि मधून वाट असा अनुभव हवाय, पण दोर लावून चढायचं नाही.

त्र्यंबकहून ब्रह्मगिरी आणि पुढे दुर्गभांडार (ब्रह्मगिरीला अरुंद कातळभिंतीने जोडलेला किल्ला) हा पर्याय डोक्यात आहे. वेळेचं गणित कसं बसवावं? नेमकं कुठे अडायला होतं? आणि याहून चांगली धार जवळपास असेल तर तीही सांगा.

---

कातळवाट

जमेल, आणि तुमच्या गटाला हाच पर्याय बरा आहे. फक्त ब्रह्मगिरी आणि दुर्गभांडार या दोन वेगळ्या गोष्टी समजून चला. ब्रह्मगिरी म्हणजे पायऱ्यांचा चढ आणि वर प्रशस्त पठार. तिथे दर्शनाला आजीआजोबाही येतात. खरी धार फक्त त्या दोघांना जोडणाऱ्या कातळभिंतीवर आहे.

त्र्यंबक गाव साधारण सव्वासातशे-साडेसातशे मीटरवर आणि ब्रह्मगिरीचा माथा १,३०० मीटरच्या आसपास. म्हणजे चढ साडेपाचशे मीटरचा. सरावातला माणूस तासाला ५०० मीटर सहज चढतो, नवखा ३०० ते ३५०. वेळ नेहमी सगळ्यात हळू चालणाऱ्यावर धरायचा, त्यामुळे तुम्ही माथ्यापर्यंत पावणेदोन ते दोन तास धरा. तिथून जटामंदिर (पठारावरचं शंकराचं मंदिर), आणि पुढे डोंगराच्या कडेकडेने दुर्गभांडारच्या पायऱ्यांपर्यंत रमतगमत पाऊण तास. पायऱ्या, भिंत, पलीकडचा माथा आणि परत अलीकडे येणं, याला ७ जणांना दीड तास द्या. एकट्यादुकट्याचं हे काम ४० मिनिटांत होतं, पण इथे एकावेळी एकच माणूस पुढे सरकतो आणि बाकीचे थांबून राहतात. गटाचं गणित चुकतं ते इथेच.

त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. सातला पायऱ्यांना लागलात तर नऊला माथ्यावर, दहाच्या आत दुर्गभांडारच्या तोंडाशी, साडेअकराला परत अलीकडे, आणि अडीचपर्यंत गावात. अंधाराचा प्रश्नच येत नाही. घाई करायची ती गर्दीपायी. रविवारी अकरानंतर त्या अरुंद जिन्यात दोन्हीकडची माणसं समोरासमोर येतात आणि बाजूला व्हायला जागा नसते.

आता जागा नीट सांगतो. ब्रह्मगिरीच्या कड्यावरून दुर्गभांडारकडे कातळात खोदलेला जिना उतरतो. पायऱ्या उंच आहेत, काही गुडघ्याच्या आसपास येतात, पण जिना खडकात खाचेसारखा कोरलेला असल्याने दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आहेत. हरिहरच्या पायऱ्यांवर पाठीमागे नुसती हवा असते, तसं इथे नाही. उतरताना खडकाकडे तोंड करायचं, दोन्ही तळवे भिंतींना टेकवायचे, आणि एक पाय पूर्ण टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. पाऊल पायरीच्या आतल्या अंगाला. बाहेरची कड पावलांनी गुळगुळीत झालेली असते आणि तिच्यावर बारीक माती साचते.

जिन्याच्या तळाशी दरवाजा आहे, तो माती-दगडांनी अर्धा बुजलेला. उभं राहून जाता येत नाही, रांगत किंवा बसून सरकावं लागतं. लोक पाठीवरची बॅग तशीच ठेवून घुसतात, मग ती वरच्या दगडाला अडकते आणि माणूस मध्येच रुततो. बॅग आधीच काढायची. पहिला माणूस रिकाम्या हाताने पलीकडे जाईल, मग बॅगा एकेक करून त्याच्याकडे सरकवायच्या, मग बाकीचे. बाहेरच्या खिशातल्या पाण्याच्या बाटल्या आत टाका, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढा. शक्य असेल तर डोकं आधी न घालता पाय पुढे करून बसत जा, म्हणजे पलीकडे पाय कुठे टेकतोय ते दिसतं.

दरवाजातून बाहेर पडलात की लगेच भिंत सुरू. काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन माणसं शेजारी चालतील एवढीच रुंदी, दोन्हीकडे सरळ कडे. चाल पाच-सात मिनिटांची. बऱ्यापैकी सपाट आहे, चढाई अशी नाहीच. पलीकडे पुन्हा तसाच ठेंगणा दरवाजा आणि पुन्हा कोरीव जिना, या वेळी चढाचा. वरच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहेत.

या भिंतीवरून मधेच खाली उतरायला वाट नाही. आलात तसेच परत. म्हणून पुढे जायचं की नाही हा निर्णय पहिल्या जिन्याच्या वरच्या तोंडाशी घ्यायचा, दरवाजातून पलीकडे गेल्यावर नाही. तिथे पोहोचायला अकरा वाजून गेले असतील, वारा अंगाला ढकलत असेल, ढग भरून आले असतील किंवा कुणाचे पाय थरथरत असतील, तर पठारावर डबे उघडा आणि परत फिरा. ब्रह्मगिरीचा दिवसही कमी नाही. याच डोंगरावर गोदावरी उगम पावते आणि त्र्यंबकच्या डोंगररांगेतूनच वैतरणा निघते. एकीचं पाणी बंगालच्या उपसागराला, दुसरीचं अरबी समुद्राला. पूर्वेला अंजनेरी, पश्चिमेला हरिहर आणि भास्करगड. हवा स्वच्छ असेल तर हे सगळं पठारावरूनच दिसतं.

---

सातमाळकर

कातळवाट यांनी मार्ग बरोबर सांगितला आहे, पण धारेचाच अनुभव हवा असेल तर माझं मत धोडप किल्ल्याच्या बाजूने. मुंबई-आग्रा महामार्गाने वडाळीभोई, तिथून धोडांबे आणि पायथ्याचं हट्टी गाव. उंची साडेचौदाशे मीटरच्या आसपास. गुहा आणि देवीच्या ठाण्यापुढे जी माची पश्चिमेकडे जाते, ती भेगेत गोठलेल्या लाव्हाची उभी भिंत आहे, भूगर्भशास्त्रात तिला डाईक म्हणतात. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि ही भिंत उरली. वर चालताना डावीउजवीकडे थेट खाली शेतं दिसतात. शेवटी भिंत एका चौकोनी खाचेपाशी तुटते. तिथेच थांबायचं, खाच ओलांडता येत नाही. कातळाचा सगळ्यात वरचा सुळका प्रस्तरारोहणाचं सामान असणाऱ्यांसाठीच, त्याच्या नादी लागू नका.

दरवाजातून रांगणं नाही, जिन्यात अडकणं नाही, आणि परत कधी फिरायचं ते प्रत्येकाला आपापलं ठरवता येतं. भीती वाटणारी व्यक्ती गुहेपाशी सावलीत निवांत बसू शकते.

रावळ्या-जावळ्या या जोडकिल्ल्यांचाही विचार करता येईल. बाबापूरच्या बाजूने पठारावर चढायचं आणि दोन माथ्यांच्या मधल्या पठारावर फिरायचं. माथ्यांवर जाताना कातळटप्पे आहेत, ते नवख्यांबरोबर नकोत.

---

कातळवाट

सातमाळकर, माचीबद्दल दुमत नाही, धार म्हणून धोडप वरचढच आहे. पण हट्टीतून चढ लांब आहे, वाटेवर घसाऱ्याचे (सुट्या दगडमातीवरून पाय सरकतो असे) टप्पे आहेत आणि नवख्यांचे गुडघे उतरताना बोलायला लागतात. त्र्यंबकला निम्म्याहून जास्त वाट बांधीव आहे, आणि कुणाचा पाय मुरगळला तर खाली आणायला पायऱ्या आहेत, माणसं आहेत, गावात सरकारी रुग्णालय आहे. पहिल्यांदा येणारे दोघं असतील तर या गोष्टीला मी जास्त वजन देईन. धोडप पुढच्या खेपेला नक्की ठेवा.

---

पंचवटीकर

दोघांचे आभार. दुर्गभांडार नक्की करतोय. आणखी तीन शंका. एका मित्राकडे २५ मीटरचा दोर आहे, भिंतीवर सगळ्यांनी कमरेला बांधून चालावं असं तो म्हणतोय. पाणी प्रत्येकी किती घ्यावं, वर मिळतं का? आणि उंचीची भीती असलेल्या मैत्रिणीला भिंतीवर नेमकं कसं न्यायचं?

---

गिरणाकाठ

दोराबद्दल आधी बोलतो, कारण ही कल्पना धोकादायक आहे.

एकमेकांना कमरेला बांधून चालायचं आणि दोराचं एकही टोक खडकात पक्कं केलेलं नसायचं, म्हणजे एक घसरला की तो इतरांना ओढणार. अचानक आलेला झटका उभ्या माणसाला हाताने पेलवत नाही, सरळ उभा माणूस एका पावलात तोल घालवतो. शिवाय कमरेला नुसत्या गाठीने लटकलेल्या माणसाचा श्वास काही मिनिटांत कोंडतो. दोराला जागच्या जागी पक्का आधार, हार्नेस (कमर-मांड्यांना बांधायचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) आणि बिले देणारा, म्हणजे दोर धरून पडणाऱ्याला रोखणारा, शिकलेला माणूस, या चारही गोष्टी असतील तरच दोर उपयोगाचा. नसतील तर तो पायात अडकतो आणि अंगात नको तितकं धाडस आणतो. त्या भिंतीवर कोरड्या दिवसात दोर लागतच नाही. ज्या दिवशी लागेल असं वाटेल, त्या दिवशी तिथे जायचं नाही. मित्राला दोराची आवड असेल तर नाशिकमधल्या गिर्यारोहण संस्थांच्या शिबिरात शिकून घ्यावं, फार उपयोगी विद्या आहे.

पाणी: प्रत्येकी ३ लिटर. डिसेंबर आहे, पहाटे थंडी वाजते म्हणून लोक एक बाटली घेऊन निघतात. पण पठारावर आणि भिंतीवर सावली नाही, वारा घाम लगेच सुकवतो आणि पाणी किती गेलं ते कळत नाही. बाराच्या सुमाराला डोकं दुखायला लागलं की उशीर झालेला असतो. तहान लागायची वाट न बघता दर २० मिनिटांनी चार घोट. सुटीच्या दिवशी पायऱ्यांच्या वाटेवर सरबताच्या टपऱ्या असतात, पण जटामंदिरानंतर काही नाही. टाक्यातलं पाणी गाळल्या-उकळल्याशिवाय पिऊ नका.

ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्याला, छोटं २०० मिलिलिटरला. मोठं पाकीट अर्ध्या बाटलीत घोळून पिऊ नका, गाढ पाण्याने उलटी किंवा जुलाब होतात. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे, पेरू, संत्री. कोरडा चिवडा तोंड सुकवतो. निघताना मिसळ खाऊन चढायला लागू नका, तर्री चढावर छातीशी येते. मिसळ उतरल्यावर.

बुटांचं नवख्यांना आजच सांगा. दोन-तीन वर्षं कपाटात पडलेले बूट वरून नवे दिसतात, पण तळाचा फोम हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो आणि दोन तासांच्या चालीत अख्खा तळ सुटून हातात येतो. तपासायचं असं: बूट दोन्ही हातांत धरून मधोमध चांगला वाकवा आणि अंगठ्याच्या नखाने तळ व वरचा भाग यांच्या सांध्यावर दाबा. भेग उघडली, भुकटी पडली किंवा फोम ढोकळ्यासारखा चुरला तर तो बूट बाद. धावण्याचे जुने बूटही नकोत, झिजलेल्या तळाने डिसेंबरातल्या वाळक्या गवतावर पाय सरकतो. मुरमावर पसरलेलं वाळकं गवत ओल्या फरशीपेक्षा वाईट. अगदी नवे बूट आणले असतील तर आधी आठवडाभर गावात वापरा. उतरायला लागण्यापूर्वी नाडी वरच्या दोन भोकांत घट्ट आवळा, म्हणजे टाच जागेवर राहते आणि बोटं पुढे आदळून नखं काळी पडत नाहीत.

---

रानवारा

अजून कुणी आग्या मोहोळांचा विषय काढला नाही, म्हणून लिहिते. कड्यांच्या कपारीत, पुढे आलेल्या कातळाखाली आणि जुन्या दरवाजांच्या आसपास आग्या मधमाश्यांची पोळी असतात. जिन्याजवळ पोहोचलात की आधी गप्प उभं राहून वर आणि बाजूच्या कड्यांवर नजर टाका. काळपट, अर्धगोल, लोंबणारं पोळं, त्यावरून लाटेसारखी हालचाल दिसली तर माश्या सावध झालेल्या आहेत. तिथून मागे फिरायचं.

अत्तर, डिओ, वासाचं तेल त्या दिवशी नको. आरोळ्या, शिट्ट्या, ब्लूटूथ स्पीकर नको. धूर, सिगारेट, चूल मुळीच नको, माश्या तर उठतातच, शिवाय वाळक्या गवताला वणवा लागतो. ड्रोन उडवू नका.

माश्या उठल्याच तर हात झाडू नका, मारू नका. मेलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी चवताळतात. तोंड, कान आणि मान ओढणीने किंवा जॅकेटने झाका आणि आल्या वाटेने दूर निघा. मात्र भिंतीवर धावायचं नाही. तिथे खाली बसून अंग झाकून घेणं आणि मग सरकत बाहेर पडणं हेच बरं, कारण डंखापेक्षा दरी वाईट. म्हणूनच प्रत्येकाकडे अंगभर पांघरता येईल असं काहीतरी हवं, एक मोठी सुती चादरही चालेल. काटा शरीरात राहिला असेल तर नखाने खरवडून लगेच काढा. ओठ-जीभ सुजली, धाप लागली, अंगभर गांधी उठल्या किंवा चक्कर आली तर एका डंखालाही गंभीर धरा आणि १०८ ला फोन लावून खाली निघा. गटात कुणाला मधमाशीची ॲलर्जी आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा.

माकडं भरपूर आहेत आणि पिशवीचा आवाज ओळखतात. प्लॅस्टिकची पिशवी हातात धरून चालू नका. खाणं बॅगेत, चेन बंद. माकडाने काही ओढलं तर सोडून द्या, पायऱ्यांवर त्याच्याशी खेचाखेची करताना माणसं पडतात. आणि त्यांना खायला घालू नका, आज दिलेल्या बिस्किटाने उद्याच्या माणसाची बॅग फाटते.

---

कातळवाट

उंचीच्या भीतीबद्दल.

पहिली गोष्ट, तिच्यासमोर इतरांनी "काही नाही गं, चल" असा आग्रह धरायचा नाही. भीतीने गुडघे लटपटतात, पकड कडक होते, श्वास वरवरचा होतो, आणि अशा अंगाने चालणं खरोखरच कमी सुरक्षित असतं. तिने नको म्हटलं तर विषय संपला. तिच्याबरोबर एक जण पठारावर थांबेल, कोण थांबणार ते घरून निघतानाच ठरवा. ऐनवेळी विचारलं की तिला अपराधी वाटतं आणि ती मनाविरुद्ध पुढे येते. एकटीला थांबवायचं नाही.

यायचं म्हणाली तर क्रम असा लावा: सगळ्यात पुढे एक जाणता, त्याच्यामागे ती, तिच्यामागे जिच्यावर तिचा भरवसा आहे ती मैत्रीण. जिन्यात एकाच्या डोक्यावर दुसरा असं चालू नका. पुढचा किमान सात-आठ पायऱ्या खाली गेल्याशिवाय मागच्याने सुरुवात करायची नाही, म्हणजे निसटलेला दगड किंवा पाय कुणावर येत नाही. तोंडाशी उभं राहून आधी हाक द्या, "खालून कुणी येतंय का?" उत्तर आलं तर त्यांना पूर्ण वर येऊ द्या.

भिंतीवर दरवाजातून बाहेर येताच लगेच उभं राहू नये. बसूनच दोन मिनिटं घ्यावीत, श्वास लांब सोडावा, डोळ्यांना त्या मोकळेपणाची सवय होऊ द्यावी. मग मधोमध चालायचं, नजर पुढच्या माणसाच्या टाचेवर आणि पुढच्या तीन-चार पावलांवर. दरी बघायची असेल तर चालणं थांबवून, पाय रोवून, मग बघायची. चालत चालत बघायची नाही. हे तिलाच नव्हे, सगळ्यांना लागू आहे. फोटो पलीकडच्या किंवा अलीकडच्या टोकाला. भिंतीवर मागे सरकत फोटो काढणं पूर्ण बंद ठेवा, आणि बॅगेवर वाऱ्याने फडफडणारं काही लटकवू नका. वाऱ्याचा झोत आला तर जागीच खाली बसायचं.

परतीचा जिना चढाचा असल्याने तिला सोपा जाईल. घसरण्याची वेळ येते ती पुढे, ब्रह्मगिरीच्या बांधीव पायऱ्या उतरताना. तोपर्यंत अवघड भाग संपल्याने सगळे सैल झालेले असतात, मांड्या थकलेल्या असतात. तिथे लहान पावलं, हातात काठी, आणि दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं बसणं. १० सेंटिमीटर रुंदीचं एक क्रेप बँडेज ठेवा. पाय मुरगळला तर बूट न काढता वरूनच आठाच्या आकारात गुंडाळा. बूट काढला की सूज येते आणि तो परत चढत नाही.

---

सातमाळकर

तारीख ठरवताना वेळ असेल तर रविवारऐवजी मधला वार घ्या, जिन्यातला अर्धा त्रास तिथेच संपतो. आणि बेत पुढे ढकलावा लागला तर पौष वद्य एकादशीच्या आसपासचे दिवस टाळा. निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, त्र्यंबकमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही. आठवडाभर आधी अवकाळी पाऊस झाला असेल तर जिन्यातल्या सावलीच्या पायऱ्या ओल्या राहतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर बुटाने घासून बघा, हिरवट शेवाळ निघालं तर उतरू नका.

---

पंचवटीकर

दोर घरी राहील. बसने यावं की गाड्या काढाव्यात?

---

गिरणाकाठ

त्र्यंबक नाशिकपासून तीसेक किलोमीटर. एसटी आणि सिटीलिंक (नाशिकची शहर बस) दोन्ही जातात, पण सातला पायऱ्यांना लागायचं तर पहाटेच्या बसची वेळ आदल्या दिवशी ॲपवर बघून घ्या. जमत नसेल तर दोन गाड्या काढा आणि गाडी चालवणारे दोघे उतरल्यावर तासभर विसावा घेऊनच निघतील असं बघा. गाडीत एक जादा पाण्याचा कॅन आणि प्रत्येकाच्या चपला ठेवा. वर जाणाऱ्यांची नावं, मार्ग आणि परतायची वेळ घरच्या एकाला लिहून पाठवा. चारपर्यंत फोन आला नाही तर त्याने काय करायचं, कुणाला फोन लावायचा, तेही त्यातच लिहा. दोन फोन विमान मोडवर ठेवून चार्ज राखा. पठारावर बऱ्याच ठिकाणी रेंज येते, कड्याच्या आडोशाला जाते.